आत घेतलेल्या शिवणी

सन दोन हजार बावीस. मला सत्तर पुरी होऊन दोन महिने झाले होते. वय आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही शहाणे म्हणतील, वयच झालं होतं म्हाताऱ्याचं, दुसरं काय. वयावर सगळं ढकलून मोकळी होणारी माणसं मला कधी पटली नाहीत. माझे वडील ऐंशीव्या वर्षी किनखापावर कातर चालवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. वय त्यांनाही होतं.

यंदा पुन्हा थंडी पडली आणि धारच्या चौकात गराडूच्या गाड्या लागल्या. गराडू हा आमच्या माळव्याचा कंद. सोलताना हाताला खाज सुटते, दिसायला एखाद्या जुन्या मुळासारखा ओबडधोबड. पण तुकडे करून तेलात तळले, वर मसाला भुरभुरला आणि लिंबू पिळलं की गाडीसमोरची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती खातात. तो वास रस्ता ओलांडून माझ्या दुकानात येतो आणि मला ती थंडी आठवते. लोकांना थंडीत लहानपण आठवतं, आई आठवते, शेकोटी आठवते. मला माझ्या मांड्या आठवतात.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते लढायला नाही, लढणाऱ्यांचे कपडे शिवायला. लढणाऱ्यांच्या पणतूंच्या जमिनी केव्हाच गेल्या, आमची कातर अजून आहे. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही हिंदी शाळेत. मराठी घरातली, आईच्या तोंडची. मराठी लिहायला शिकलो लग्नपत्रिका वाचून, त्यामुळे सुरुवातीला माझी पत्रंही ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी निघायची. हसणाऱ्यांनी हसावं. हसणाऱ्यांच्या पोरांना मराठीत धड एक ओळही लिहिता येत नाही.

मला दुसरंच वाचता येतं. धारमधल्या निम्म्या माणसांच्या पोटऱ्या मला पाठ आहेत. रस्त्यानं कुणी चालला की त्याचं नाव आठवायच्या आधी मला त्याची कंबर आठवते. तहसिलीतल्या एका बाबूनं तीन वर्षं सगळ्यांना सांगितलं की मी रोज पहाटे फिरायला जातो. तीन वर्षांत त्याची विजार मी दोनदा ढिली केली. मी काही बोललो नाही. टेप लावली की माणूस श्वास धरतो, पोट आत ओढतो, छाती काढतो. माझ्या वडिलांचा नियम होता की माप घेताना गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं, बोलता बोलता माणूस श्वास सोडतो, तेव्हा खरं माप घ्यायचं. आणि दुसरा नियम, शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः कधी घ्यायचं नाही. स्वतःशी बोलता बोलता कुणी श्वास सोडत नाही.

तो दुसरा नियम मी मोडला. आधी टेपशिवाय, मग टेप घेऊन. ते पुढे येईल.

पोटाचं सुरू झालं त्याला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. आव पडायची, रक्त पडायचं, दिवसातून सहा सहा वेळा पळावं लागायचं. गिऱ्हाईक खांद्याचं माप देत उभं आणि मी मागच्या दारानं गायब. इथल्या डॉक्टरनं आत कॅमेरा घालून पाहिलं आणि सांगितलं की आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत, हा जन्माचा आजार आहे, गोळ्या बंद करायच्या नाहीत. रक्त पडायचं तोवर मी गोळ्या घ्यायचो. थांबलं की बंद करायचो. ज्या गोळीनं बरं वाटतं ती बरं वाटल्यावर कशाला घ्यायची, असं मला वाटायचं, आणि तेव्हा माझ्याशी वाद घालणारा माणूस धारमध्ये नव्हता.

होते ते आमचे मास्तर. सरकारी शाळेतून निवृत्त झालेले, समोरच्या गल्लीत राहणारे, दुपारी माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन वर्तमानपत्र फुकट वाचणारे. मास्तरांचं एकच शास्त्र. “नाना, पोट बिघडलंय ना, मग पोटाला सुट्टी द्या. बैल आजारी पडला तर त्याला नांगराला जुंपतात का? खाणं कमी करा. रोग उपाशी मारा.”

मास्तरांची मला आधीपासूनच कीव यायची. आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावणारा माणूस, स्वतः बाकावरून उठताना माझ्या मशीनला धरून उठायचा. तरी त्यांचं मी ऐकलं. का ऐकलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सोडणं हे मानी माणसाला फार जमतं, म्हणून ऐकलं. मागणं आपल्याला जमत नाही. डॉक्टरकडे परत जाऊन, बुवा, पुन्हा रक्त पडतंय, म्हणणं जमत नाही. पण आजपासून दूध बंद, असं ताट सरकवून सांगणं किती सोपं. त्यात रुबाबही आहे.

दूध सोडलं. मग डाळ सोडली, वायू होतो म्हणून. मग गहू. माळव्यात राहून गहू सोडला, ते मी चारचौघांत सांगायचो, जसं कुणी तीर्थयात्रा करून आल्याचं सांगतं. मग भाज्या, तूप, तेल, अंडं. शेवटी राहिली तांदळाची पेज आणि मुगाचं वरचं पाणी. आमची ही म्हणायची, “मूग तरी खा, नुसतं पाणी काय पिता.” मी म्हणायचो, मूग जड असतात. तेव्हा मूग ती खायची आणि मुगांच्या आंघोळीचं पाणी मी प्यायचो.

पोट जरा शांत झालं, हे खरं. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार. मी त्याला विजय समजलो.

आता ते सांगतो, जे शिंप्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

दुसरा माणूस असता तर त्याची विजार ढिली पडली असती. कमरेवरून घसरली असती, बायको म्हणाली असती, अहो, काय ही दशा. शर्टाची खांदेपट्टी दंडावर उतरली असती. चारचौघांत कुणाच्या तरी डोळ्यावर आलं असतं. माझं तसं झालं नाही. मी शिंपी. विजार बोटभर ढिली झाली की दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ती उलटी करायचो, शिवण बोटभर आत घ्यायचो, इस्त्री फिरवायचो, घालायचो. दोन महिन्यांनी पुन्हा बोटभर. सदऱ्याची बगल, बाही, पायजम्याचं आसन, सगळं हळूहळू आत. मला ते काही वाटायचंही नाही. ढिला कपडा अंगावर घालून दुकानात बसणारा शिंपी म्हणजे दुकानाची बेअब्रू. मी माझं माप घेत नव्हतो, वडिलांचा नियम पाळतोय असं समजत होतो. पण कपडा दर दोन महिन्यांनी माझं माप घेत होता आणि मी त्याचं म्हणणं शिवून टाकत होतो.

त्यामुळे झालं काय की मी चांगला दिसायला लागलो. लोक थांबून सांगायचे, “वा नाना, या वयात काय बॉडी राखलीये.” मास्तर म्हणायचे, “बघा, माझा सल्ला.” ज्यांना गुडघ्यांपर्यंत बाह्या येणारे तयार शर्ट अंगात अडकवून फिरायची सवय, त्यांना नीट बसलेला कपडा आणि नीट बसलेलं शरीर यातला फरक कळणार कुठून. पाय संध्याकाळी सुजायचे, मोज्याची रेघ पिंढरीवर तासभर राहायची. मला वाटलं, पाय भरतायत. मलाही कळलं नाही, मग त्यांना काय नावं ठेवायची. पण ठेवतो. मी माझ्या आत बसलो होतो, ते बाहेर उभे होते.

मार्गशीर्ष लागला. आमच्या गल्लीत खंडोबाचं छोटं देऊळ आहे, आणि चंपाषष्ठीला देवाला जो नवा पोशाख चढतो तो पिढ्यान् पिढ्या आमच्या घरून जातो. पिवळा किनखाप, आतून तांबडं अस्तर. शिवायला वेळ लागत नाही, एवढासा तो पोशाख. जे आहे ते कापण्यात आहे. किनखाप आणि अस्तर एकत्र पसरायचं आणि आजोबांच्या लोखंडी कातरीनं, जी दोन हातांनी उचलावी अशी जड आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग कापायचं. कातर मध्ये थांबवायची नाही. देवाच्या कापडावर थांबलेली कातर म्हणजे कापणाऱ्याच्या मनात शंका, असं आजोबा म्हणायचे. हे काम मी वडिलांनंतर एकतीस वर्षं केलं होतं. माझं नाव धारमध्ये कुणाला ठाऊक असेल तर त्या एका कापासाठी. मला मूलबाळ एकच, मंगल, देवासला दिलेली. मी नाही कापलं तर पुढच्या वर्षापासून पोशाख बाजारातून येणार, प्लास्टिकच्या पिशवीत, चिकटवलेल्या टिकल्यांचा. देवळाच्या मंडळात दोन जण तसं बोलायलाही लागले होते.

मंगल त्या वेळी षष्ठीसाठी दोन दिवस आधी आली होती. मी कापड पसरलं, खडूनं रेघ मारली, देवाचं नाव घेतलं आणि कातर लावली. चार बोटं गेली आणि थांबली.

मी जोर केला. अंगठा पांढरा पडला. कातर मिटेना. किनखाप तिच्या दोन पात्यांत नुसता दुमडून बसला, कुत्र्यानं चिंधी तोंडात धरावी तसा.

मंगल दारात उभी होती. मी म्हणालो, “धार गेलीय.”

ती गप्प बसते तेव्हा तिच्या आजोबांसारखी दिसते.

चौकात सायकलच्या चाकावर धार लावणारा एक बसतो, त्याचा बापही तिथेच बसायचा. त्याच्याकडे गेलो. त्यानं कातर हातात घेतली, डोळ्याशी धरली, अंगठ्यावर फिरवली. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि नुसतं पातं टेकवलं, कागद दोन भाग होऊन खाली पडला.

“नाना, क्या बात कर रिये हो,” तो म्हणाला. “इसमें धार की कमी नहीं है.”

“तेरे बाप को काम आता था,” मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, आणि नजर लगेच चाकावर नेली. “कपड़ा मोटा आ गया होगा, नाना. आजकल का माल ऐसा ही है.” माझ्यासाठी खोटं बोलला तो. मी त्याला आणखी दोन शब्द सुनावले आणि निघालो. त्या थंडीत मी ज्यांना ज्यांना बोललो त्यांत एवढा एकच माणूस होता ज्याला बोलायला नको होतं.

घरी आलो तर अंगणात उन्हात माझी बाराबंदी पसरलेली. बाराबंदी मी वर्षातून एकदाच घालतो, षष्ठीच्या दिवशी, एरवी ती पेटीत असते. ती मी कधी आत घेतली नव्हती, कारण मधल्या दिवसांत ती माझ्या डोळ्यांसमोर नसायची. मंगल म्हणाली, “नाना, घालून दाखवा.”

“परवा घालायचीच आहे.”

“आज घाला.”

घातली. बारा बंद बांधले. आमच्या घरात आरसा मोठा आहे, शिंप्याच्या घरी असतोच. त्या आरशात बाराबंदी उभी होती आणि तिच्यात कुणीतरी खुंटी लावून ठेवली होती. खांदे कोपरापाशी. छातीवरचं कापड आत वळून दुसऱ्या बगलेपर्यंत गेलेलं. वर्षभरापूर्वीचं कापड, माझ्याच हातचं, सुताभराचीही चूक नाही.

मंगल खोलीत गेली आणि माझा रोजचा पायजमा घेऊन आली. शिंप्याची मुलगी. तिनं तो सरळ बाजूनं पाहिलाच नाही, आधी उलटा केला. आत कमरेपाशी शिवणीच्या चार ओळी, एकीच्या आत एक. तिनं प्रत्येकीवरून नख फिरवलं.

“आई,” ती म्हणाली, “ही कधी आत घेतली, तुला ठाऊक होतं?”

हिनं मान हलवली. आधी नाही म्हणून, मग हो म्हणून. “दुपारी मशीनचा आवाज यायचा,” ती म्हणाली. “मला वाटायचं गिऱ्हाइकाचं काम आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच मंगलनं मला गाडीत घातलं. धारहून इंदूर, इंदूरहून देवास. माझा विरोध होता, पण विरोध करायला उभं राहावं लागतं, आणि बसच्या पायऱ्या चढताना मला दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला. मंगलनं मागून आधार दिला, तसा मी तिला म्हणालो की तुझ्या देवासच्या बसच्या पायऱ्या उंच आहेत. ती म्हणाली, “हो नाना, देवासच्या बसला फार माज आहे.”

अस्पतालात डॉक्टरनं तपासलं, रक्त घेतलं, गोळ्या मध्येच सोडल्याबद्दल दोन गोष्टी सुनावल्या, आणि मला एका पोरीकडे पाठवलं. ती आहार सांगायला बसवलेली. आडनाव मराठी, बोलणं अर्धं हिंदी, मराठीतली पाटी वाचता येते की नाही देव जाणे. मला म्हणाली, “आजोबा, आप एक दिन में, म्हणजे, दिवसभरात काय काय खाता?”

मी अभिमानानं सांगितलं. पेज, मुगाचं पाणी.

“और?”

“और काही नाही.”

तिनं पेन खाली ठेवलं. मग मला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगितलं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं. मास्तरांनी हिला शिकवलं असणार, असं मनात आलं. पहिल्यांदा उठलो. दुसऱ्यांदा उठताना हात आपोआप खुर्चीच्या हाताकडे गेला. तिसऱ्यांदा मी म्हणालो की ही खुर्ची बुटकी आहे. मग तिनं एक दाबायचं यंत्र हातात दिलं, मूठ आवळून दाबायचं. मी दाबलं. काटा जागचा हलला असं म्हणायला हवं, इतकंच. मला कातर आठवली.

मग तिनं टेप काढली. आणि ती टेप तिनं माझ्या दंडाला जशी लावली ते पाहून माझं डोकं फिरलं. तिरकी. एका बाजूला ढिली, मध्ये पीळ पडलेला. असं माप घेऊन कुणी उशीचा अभ्रासुद्धा शिवू नये.

“बाई,” मी म्हणालो, “टेप अशी नाही धरत.”

“ठीक है आजोबा, हो गया.”

“ठीक नाही. इकडे आणा.”

मी तिच्या हातातून टेप घेतली. तिला दाखवलं: खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, हात मोकळा सोडायचा, टेप सपाट, कातडीला टेकलेली, रुतलेली नाही. हे मी सांगत होतो आणि सांगता सांगता डाव्या दंडाला टेप लावून उजव्या हातानं टोक ओढलं. बोलत होतो ना, म्हणून श्वास सुटलेला होता. माप खरं आलं. तिच्या मापापेक्षा पाऊण इंच कमी.

माझा दंड तेरा इंच. बत्तीस वर्षं तेरा इंच, वडिलांनी शेवटचं माप घेतलं तेव्हापासून. टेपवर सव्वाआठ होता. मी पुन्हा पाहिलं. टेप दुसऱ्या टोकाकडून तर धरली नाही ना, तेही पाहिलं. मंगल खिडकीबाहेर बघत होती.

त्या पोरीनं तिचा आकडा खोडून माझा लिहिला. त्या क्षणी मला तिच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला, कारण स्वतःची चूक खोडणारा माणूस मी माझ्या धंद्यात फार पाहिलेला नाही. मग ती सावकाश बोलली, हिंदी मराठी मिसळून, पण मला सगळं कळलं. आतड्याला सूज असली की खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, आणि सुजेपायी शरीराला लागतं मात्र जास्त. वरून तुम्ही देणं बंद केलं. मग शरीर कुठून आणणार? मांड्यांतून, दंडांतून, आहे तिथून काढून खाणार. चरबी नाही गेली आजोबा, मांस गेलं. पायांना सूज आली ते पाणी आहे, भरलेले पाय नाहीत.

“म्हणजे मी रोगाला उपाशी नाही मारलं,” मी म्हणालो.

“रोग तो आराम से बैठा है,” ती म्हणाली. “भूखे आप थे.”

तिनं कागदावर हिंदीत लिहून दिलं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मूग, पाणी नाही, मूग. दही, पनीर, अंडं, मऊ भातावर तूप. गोळ्या रोज. रक्त पुन्हा पडलं तर लगेच यायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, उठायचं, सकाळ संध्याकाळ. आणि हा कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा नाही, प्रत्येकाचं आतडं वेगळं असतं. हे शेवटचं मला फार आवडलं. एकाच मापाचे कपडे सगळ्यांना घालणाऱ्या जगात कुणीतरी शिंप्यासारखं बोललं.

तरी मी तिला निघताना म्हणालो, “टेप धरायला शिका.” तुसडेपणा एका दिवसात जात नाही.

धारला परतलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बस अड्ड्यावरून येताना चौकात मास्तर दिसले. गराडूच्या गाडीसमोर, हातात द्रोण, मिशीला मसाला. मला पाहून त्यांनी काडीला टोचलेला तुकडा हवेत उंचावला. “काय नाना भिया, देवासची हवा मानवलेली दिसते. बघा, अंगावर चरबीचा थेंब नाही. आणि हे तुम्ही घेणार नाही, मला ठाऊक आहे. संयम.”

“मास्तर,” मी म्हणालो, “दिवाळीआधी तुमची कंबर बेचाळीस होती. आता चव्वेचाळीस आहे. तुम्ही तुमच्या पोटाला कधी सुट्टी देता ते मला सांगून ठेवा.”

मंगल हसली. अस्पतालातून निघाल्यापासून पहिल्यांदा. मास्तरांनी तुकडा तोंडात घातला आणि दुसरीकडे पाहिलं. नंतर आठ दिवस बाकावर आले नाहीत, वर्तमानपत्र मी शांतपणे वाचलं.

घरी हिला मंगलनं सगळं सांगितलं. मी वाट पाहत होतो की ही आता रडेल, किंवा म्हणेल, मी सांगत नव्हते? ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. तिचं माहेर निसरपूरचं, नर्मदेकाठचं. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

“आमच्याकडे पाणी एकदम नाही आलं,” ती म्हणाली. “लोकांना वाटतं लाट आली आणि गाव बुडालं. तसं नसतं. आज घाटाची ही पायरी, उद्या ती. आम्ही रोज जाऊन बघायचो आणि म्हणायचो, कालच्याइतकंच तर आहे. माझा भाऊ तर खुणेची काठीच वर सरकवून ठोकायचा. म्हणायचा, पाणी काठीच्या खालीच आहे.”

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. सत्तर वर्षांत मला इतकं नीट कुणी मापलं नव्हतं.

मी ज्यांना आयुष्यभर तुच्छ मानलं त्यांची यादी मोठी आहे. पोट आत ओढणारे, तयार कपडे घालणारे, दुसऱ्याला उपाशी राहायला सांगून स्वतः द्रोण चाटणारे. त्या दिवशी त्या यादीत एक नाव चढलं आणि ते सगळ्यांच्या वर गेलं. पोट आत ओढणारा निदान टेप लावेपर्यंतच ओढतो. मी तर वर्षभर ओढून धरलं होतं, सुईदोऱ्यानं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी पुन्हा कापड पसरलं. सकाळी षष्ठी. अर्धवट कापलेल्या किनखापाकडे देव काय म्हणून बघत असेल कोण जाणे, मी नवा तुकडा घेतला. मंगलला म्हणालो, “ये.” ती म्हणाली, “मी? मी दुसऱ्या घरची.” मी म्हणालो, “कातरीला घर कळत नाही, पंजा कळतो.” तिनं हात घातला, मी माझा हात तिच्या हातावर ठेवला, दिशा माझी, जोर तिचा. कातर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मध्ये थांबली नाही. देवळातल्या मंडळाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की पोशाख आमच्या घरून आला आहे, कुणाच्या हातानं कापला ते देवाला ठाऊक आहे, तुम्ही नारळ फोडा.

आता माझा दंड साडेदहा आहे. तेरा पुन्हा होणार नाही, मी खोट्या आशेचा माणूस नाही. मधे दोनदा रक्त पडलं, दोन्ही वेळा मी देवासला गेलो, स्वतःहून, मंगलनं न ओढता. ती पोरगी आता टेप बरी धरते. यंदाच्या षष्ठीला कापडाच्या मध्यापर्यंत कातर मी एकट्यानं नेली, आणि चालत्या कातरीत मंगलनं हात घातला आणि पुढे नेली. थांबली नाही. आजोबांचा नियम मोडला का, ते आजोबा सांगायला नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या थंडीतलं शेवटचं सांगायचं राहिलं. षष्ठीच्या दिवशी पहाटे, देवळात जायच्या आधी, मी दुकान उघडलं. माझे सगळे कपडे, चार पायजमे, दोन विजारी, सहा सदरे, मशीनवर आणून उलटे टाकले. चांगला शिंपी शिवण आत घेतो पण आतलं जास्तीचं कापड कापत नाही, त्याला आम्ही माया म्हणतो, ती मी कुठेच कापलेली नव्हती. ब्लेड घेतलं आणि एकीच्या आतली एक, चारही ओळी उसवल्या, अगदी पहिल्या शिवणीपर्यंत. दोऱ्याचे तुकडे मांडीवर पडत गेले. मग पायजमा घातला, तो घसरला, नाडीची दुहेरी गाठ मारून धरला, वर ढगळ सदरा चढवला, आणि तसाच, सगळ्या गल्लीला दिसेल असा, दुकानाच्या पायरीवर बसून वाटीभर मूग खाल्ले.